ओहोटीची शाळा

तरीवर, होडीच्या धक्क्यावर, विरोधी उमेदवाराचा प्रचारक दत्ताराम मासळीवाल्या बकुळेकडे मतं मागत होता. शेजारी बसलेले स्कूल बोर्डाचे मेंबर भागोजीराव ते छत्रीआडून ऐकत होते. त्यांचं नाव सर्वत्र पोहोचलं होतं, चेहरा नव्हे.

“वहिनी, या खेपेला भागोजीला पाडायचाच. भरती-ओहोटी बघून शाळा भरवतो. सारं बोर्ड हसतं.”

“हसू दे. ओहोटीला आमच्या पोरी कालवं काढायला जातात. घड्याळाच्या शाळेत एक तरी बसली होती?”

“आणि आता?”

“एकोणीस. तुमच्या उमेदवाराचा कागद माझ्या गुणवंतीनंच वाचून दाखवला. शाळेचं त्यात नावच नाही, म्हणाली.”

“अहो छत्रीवाले आजोबा, तुम्ही तरी समजवा हिला. घरची तीन मतं अशी वाया घालवावीत?”

भागोजीरावांनी छत्री मिटली आणि ताठ मानेनं ते होडीकडे चालू लागले.