शेवटचे दोन धुकाळे

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बसमध्ये पुढच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तशी ऊर्मिलाने कानातले इअरफोन हळूच काढले. महिनाभरात फोनबाहेर ऐकलेलं ते पहिलंच मराठी होतं. एक बाप लेकीला गोष्ट सांगत होता.

"रोमन यायच्या आधी डॅन्यूबकाठी धुकाळे राहायचे. कमरेएवढी माणसं, केसांत शेवाळ."

"खरंच होते, बाबा?"

"मी रचलेत. म्हणजे आपल्यापुरते होते."

"मग गेले कुठे?"

"हळूहळू सगळे रोमनांची भाषा बोलायला लागले. आपली भाषा येणारे शेवटी दोघंच उरले, दोन वेगळ्या गावांत. एकदा बाजारात त्यातला एक जण आपल्या भाषेत गाढवाला दटावत होता. ते दुसऱ्याने ऐकलं."

"मग बोलले ना दोघं?"

"नाही. दुसऱ्याला वाटलं, ओळख ना पाळख, काय बोलायचं? गेला निघून."

"वेडाच होता."

"गेनाऊ. अगदी बरोबर."

ऊर्मिलाचा स्टॉप आला. मुलीचं दप्तर वाटेत होतं. ऊर्मिला तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिली. मुलीने मान वर करून पाहिलं.

"एन्टशुल्डिगुंग," ऊर्मिलाने जर्मनमध्ये माफी मागितली आणि दप्तर बाजूला होताच ती उतरून गेली.