पायांना काय कळतंय

थेरपिस्ट : बसा हो तुम्ही. येरझाऱ्या घालून माझी फरशी झिजवाल.

आई : बसवत नाही, मॅडम. उद्या शाळेतल्या बाई बघणार आहेत हिला. त्यांच्याकडे मदतनीस नाही. चाकाच्या खुर्चीतून उठायचं, दांडी धरून वळायचं आणि कमोडवर एकटीनं बसायचं. जमलं तर प्रवेश, नाहीतर पुन्हा घर. आणि ही घरी पडतेच आहे!

भिंगरी : मी नाही पडत. पाय पडतात.

थेरपिस्ट : केव्हा पडतात गं?

आई : अहो, उठते झकास. दांडी धरते, मी म्हणते जमलं, तेवढ्यात पाय एकमेकांत अडकून त्यांची कात्री!

थेरपिस्ट : परवा तुम्ही बाहेर फोनवर होतात ना, तेव्हा ती इथं उठली, वळलीसुद्धा.

आई : म्हणजे मी असले की बिघडतं?

थेरपिस्ट : चिडू नका. ती उठल्यावर तुम्ही काय करता?

आई : काय म्हणजे? कौतुक!

भिंगरी : टाळी वाजवते. फाडकन. आणि ओरडते.

थेरपिस्ट : मग?

भिंगरी : मग पाय घाबरतात.

थेरपिस्ट : बघा, आपण दचकलो की क्षणभर ताठतो आणि सुटतो. हिच्या स्नायूंना मेंदूकडून 'सैल हो' हा निरोप नीट पोचत नाही. एकदा ताठले की ताठलेच. आवाज कौतुकाचा की दार आपटल्याचा, पायांना काय कळतंय?

आई : अगं बाई... म्हणजे इतके दिवस मीच पाडतेय हिला?

थेरपिस्ट : इतके दिवस तुम्हीच पाय ताणून देताय, म्हणून उठते तरी. रडायचं नंतर. आता नुसतं गप्प उभं राहायचं.

आई : गप्प? मी? हिच्या बाबांना विचारा, झोपेतही बोलते मी.

भिंगरी : घोरते पण.

आई : आगाऊ!

थेरपिस्ट : चल भिंगरी, दांडी धर. टाचा टेकल्या? पुढे वाक, नाक गुडघ्यांच्या पुढे. हं, ऊठ.

आई : उठली! मॅडम, उठ...

थेरपिस्ट : शू!

भिंगरी : आई, हात खाली.

(आई दोन्ही हात काखेत दाबून धरते.)

थेरपिस्ट : श्वास सोड. आता डावा पाय. घाई नाही. कुणी पळत नाही आपल्यामागे. वळ.

भिंगरी : वळतेय... थांब... वळले. बसू?

थेरपिस्ट : बस. अलगद.

भिंगरी : बसले! आई, बसले मी! ...आई?

थेरपिस्ट : अहो, बोला की आता. बसलीये ती.

भिंगरी : आवडलं नाही का तुला?

आई : (अगदी हळू आवाजात) आवडलं गं. खूप आवडलं.

भिंगरी : मग उद्या त्या बाईंना पण सांग. एवढंच हळू आवडू द्या म्हणावं.