बोंबलांखालचं यंत्र

गुणवंती : हात नको लावू, गो बाय. आधी सांग, हे पिवळं नळकांडं तुझंच कशावरून?

अनुजा : मावशी, त्यावर आमच्या संस्थेचं नाव आहे. आणि तुम्ही ते बर्फाच्या पेटीत का ठेवलंय? बोंबलांच्या खाली?

गुणवंती : माझ्या दीपेशच्या बापसाने रात्री जाळं ओढलं, तर हे आत घुसलेलं. शेपटी गरगर फिरतेय, अंग गरम. तो बोलला, जित्तं हाय. दर्यातून निघालेला जिन्नस आम्ही बर्फातच घालतो. तुमच्यात काय गादीवर झोपवतात?

अनुजा : नाजूक असतं ते. कुणीतरी त्याला पक्कड लावलीय.

गुणवंती : मीच बोलले लाव म्हणून. तो तर जाळं कापायला निघाला होता. तुझ्या खेळण्यासाठी जाळं कापायचं?

अनुजा : खेळणं नाही हो. कुठल्यातरी कारखान्याचं रसायन समुद्रात येतंय. पाण्याखाली त्याचा लांब पट्टा पसरलाय, वरून दिसत नाही. हे यंत्र तो पट्टा आपणहून हुंगत जातं. रसायन लागलं की पुढे, सुटलं की वळून परत शोधतं. कुणी चालवावं लागत नाही.

गुणवंती : कुत्रं हाय, असं बोल ना. एवढं शिकून कुत्रं पाळलंस? करी रोडला तुझ्या चाळीखाली फुकट मिळतात.

अनुजा : मस्करी नको, मावशी. रात्रीपासून आम्ही शोधतोय याला, आत्ता कुठे सिग्नल इथला दाखवला.

गुणवंती : तुम्ही म्हणजे ते, बोटीत उभे राहून एकमेकांचे फोटो काढणारे? मागे पण आलेले. बाटल्या भरभरून पाणी नेलं. त्याच्या आधी ते सरकारी टोपीवाले. इचारलं, काय निघालं पाण्यात? तर बोलले, कळवू. अजून कळवतायत. पाणी प्यायले की काय मेले?

अनुजा : मी त्यांच्यातली नाही.

गुणवंती : तुझी टोपी घरी राहिली असेल.

अनुजा : मला फक्त फोन जोडून बघू द्या. आतल्या नोंदी शाबूत आहेत का, एवढंच.

गुणवंती : बघ. पण आत काय निघतं ते मला आत्ता सांगायचं, इथेच, या पाटीसमोर. वास हुंगत आलं ना? आमच्या जाळ्यात आलं ना?

अनुजा : तसं लगेच म्हणता येत नाही. आकडे तपासायचे, मग रिपोर्ट वर जाणार, मग ते ठरवणार. मला बोलायची परवानगी नाही, मावशी. नोकरी जाईल माझी.

गुणवंती : तुझी नोकरी. आणि मी दादरच्या या चिखलात पहाटेपासून बसते, ती काय हौस हाय?

(अनुजा फोन जोडते. बराच वेळ स्क्रीन वर-खाली करत राहते.)

गुणवंती : काय? मेलं?

अनुजा : नाही. चालू आहे. जाळ्यात अडकल्यावरही नोंदी घेत होतं.

गुणवंती : मग?

अनुजा : मग काही नाही. रिपोर्ट येईल.

गुणवंती : येईल हां, येईल! उचल तुझं कुत्रं. आणि हे घे, सुचित्राबायला दे. त्याच जाळ्यातले हायत, ताजे. तुझी आई माझ्याशिवाय कुणाकडचं म्हावरं घेत नाय. तुला दात येत होते तेव्हापासून माझ्या पाटीतलं खातेस.

अनुजा : आज नको, मावशी.

गुणवंती : पैसे कुणी मागितले?

अनुजा : पैशांचं नाही. आईचा… उपवास आहे.

गुणवंती : सुचित्राबायचा? बुधवारी? ती बाई श्रावणात लपून सुकट खाते!

अनुजा : मावशी, प्लीज.

गुणवंती : झालं. आला तुझा रिपोर्ट. आपल्या आईला नको, दुसऱ्याच्या आईने खाल्लं तर चालेल. परवानगी नाय ना! थू तुझ्या शिकण्यावर. तोंड मिटायला शिकवतात होय कॉलेजात?

अनुजा : मी बोलले तर उद्यापासून तुमच्या पाटीपाशी कुणी उभं राहणार नाही. ते कळतंय का तुम्हाला?

गुणवंती : माझं मला कळतं. तू तुझं बघ. या, शैलाताई.

शैला : काय गं गुणवंती, सकाळी सकाळी कुणाला झापतेस? वा, बोंबील छान आहेत. दोन वाटे काढ, जावई येतोय.

गुणवंती : देऊ का, ते हिला इचारा. ही सायंटिस हाय. हिचं यंत्र रात्रभर या बोंबलांच्या शेजारी होतं.

शैला : म्हणजे? काय झालंय काय?

गुणवंती : बोल ना गो. आता का खाली बघतेस?

अनुजा : ताई… नका घेऊ. हे नको, या जाळ्यातलं काहीच नको. पाण्यात विष आहे. मी आत्ता बघितलं.

शैला : अगं बाई! बरं झालं सांगितलंस. मग… गुणवंती, मी पुढे बघते हं.

गुणवंती : बघा.

अनुजा : मावशी, मी… नेऊ हे?

गुणवंती : ने. पेटीसकट ने, बर्फासकट. मला आता कशाला लागतोय बर्फ.