सुटलेला हात

आपलंच प्रदर्शन लोकांत मिसळून पाहावं म्हणून चित्रकर्ती रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे एक आई आणि सासरहून आलेली तिची मुलगी होती. दोघी दारावरच्या मोठ्या चित्राकडे बघत होत्या.

"अगं, ह्या तर आपल्याच बायका! तुझी आजी भिंतीवर पांढऱ्या मातीने काढायची, तशाच त्रिकोणी."

"पण आई, तोंडाचे असे तुकडे का केलेत?"

"समोरूनही दिसावं नि बाजूनेही, म्हणून असेल. ते असू दे. शेवटचीचा हात बघ. आजीच्या बायका हात धरून नाचायच्या. हिचा सुटलाय."

"चुकून राहिला असेल."

"एवढं चित्र काढणारी हात विसरेल होय? सोडवून घेतलाय तिने."

चित्रकर्ती नकळत एक पाऊल पुढे सरकली.

"म्हणजे एकटी पडली बिचारी," मुलगी म्हणाली.

"बिचारी कसली! पाय बघ की तिचे. नाचतेच आहे."

मुलीने चित्रावरची नजर काढून घड्याळ पाहिलं.

"आई, लवकर निघायला हवं. संध्याकाळी हे न्यायला येणार आहेत."

"येऊ देत. जावयाला चहा पाजीन आणि एकट्यालाच परत पाठवीन."

"आणि लोक?"

"त्यांना चहासुद्धा नाही."