दगाभाऊची ओळ

मी तापीकाठची, प्रकाशाजवळच्या एका लहान गावातली. चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा लांब होती, एकट्या पोरीला कोण पाठवणार, म्हणून तेवढंच. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि माझा मोठा भाऊ दगा. लग्न होऊन नंदुरबारला आले, तेव्हापासून मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडते. हाताची आग व्हायची आधी, आता होत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, पण गाणं म्हणता येतं, ते कसं काय ते मला सांगता यायचं नाही.

दगाभाऊ दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी न्यायला यायचा. दारात उभा राहून म्हणायचा, चाल वं मालू, झोका बांधी ठेवेल शे. मग एका वर्षी तो शेतात मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून तिथेच गेला. वहिनी पोरांना घेऊन सुरतला निघून गेली, तिचं तरी काय चुकलं, खायचं काय होतं इथे. घराला कुलूप लागलं. त्यानंतर अखाजीला मी पथारीवरच असते.

आता कानबाईचं सांगते. श्रावणात रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, नारळाची देवी, नथ घालायची, साडी नेसवायची, चौरंगावर बसवायची आणि बायांनी गाणी म्हणायची. त्यातलं एक गाणं असं आहे की त्यात एकेक बाई पाळीने आपल्या भावाचं नाव घालते. कानबाई बसनी दगाभाऊ ना घर, असं मी म्हणायची. भाऊ गेला तरी म्हणायची. एक म्हातारी बोलली होती, मरेल माणूसनं नाव देवीना गानामा कसाले? पण शेजारच्या सिंधूबाईने तिला गप्प केलं, म्हणाली, ल्हेऊ दे वं, तिले दुसरं कोन शे. काय सांगू तुम्हाला, वर्षातून तेवढंच एकदा त्याचं नाव कुणाच्या तोंडून निघायचं, आणि ते तोंड माझंच.

मग गल्लीची कानबाई मोठी झाली. आमच्या पथारीचे मालक रमणशेठ, त्यांनी मंडप दिला, स्पीकर दिला, आम्हा सगळ्या बायांना एकसारख्या लाल साड्या दिल्या. आधी मंडपाच्या नावाने एक ताडपत्री असायची, तीही गळकी, तेव्हा चांगलंच झालं ते. मागे मोठा बॅनर लागला, त्यावर देवी आणि शेठ. त्यांचा मॅनेजर आला आणि हात जोडून म्हणाला, माय, एवढं शेठनी करेल शे, गानामा एक डाव त्यासनं नाव उनं तं बरं वाटी, व्हिडिओ काढाना शे. प्रत्येकीला एकच पाळी, आपल्या भावाची पाळी कोण सोडणार? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सिंधूबाईच म्हणाली, शेठनं नाव मालू म्हनी, तिना आवाज चांगला शे. मग मला कोपराने ढोसून म्हणाली, शेठले भाऊ बनाडी ले वं, अखाजीले बोलेरो येई तुले लेवाले! सगळ्या हसल्या. मीही हसले.

नाही म्हणायचं होतं. शब्द तयार होता तोंडात. पण माईक समोर आला, ढोलकी सुरू झाली, आणि मी म्हटलं, कानबाई बसनी रमणभाऊ ना घर. मला वाटलं होतं आत काहीतरी तुटेल. काही झालं नाही. गाणं पुढच्या बाईकडे गेलं. शेठ उठून आले, वाकून नमस्कार केला, म्हणाले, मावशी, आवाज भलता गोड शे तुमना. माणूस वाईट नाही हो, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून दरवर्षी ती ओळ माझीच. तो व्हिडिओ पथारीवर लागतो, सणाच्या दिवसांत शेठच्या गाडीवर लागतो. मी देठ खुडत असते आणि माझाच आवाज समोरून जातो. बाया म्हणतात, मालू, तू जाई ऱ्हायनी देख! मी मान वर करत नाही.

परवा घरी एकटीच कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडत होते. सहज ते गाणं गुणगुणले, कुणी ऐकायला नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि तोंडातून रमणभाऊ निघालं. थांबले. पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तेच निघालं. मग आधी मनात दगा दगा असं घोकलं आणि म्हटलं, तेव्हा आलं, पण शाळेत शब्दाखाली बोट ठेवून वाचायचो ना, तसं आलं. सुपातले गहू निवडून झाले. रडू आलं नाही.

यंदाही मंडप शेठचाच आहे. देव त्यांचं भलं करो, साड्या यंदा हिरव्या आहेत म्हणतात. मी म्हणेन ती ओळ, माझं काही म्हणणं नाही. तुम्ही हे लिहून घेताय, तर त्याचं नाव तेवढं नीट लिहा. दगा. दोनच अक्षरं आहेत.