एल्साच्या गावचं देऊळ

हॅलो?… हो, मोगराबाईच बोलतेय, खांडबाऱ्याच्या पोस्टातून… कोण? एल्सा? अगं पोरी, मुंबईला पोचलीस?… जरा मोठ्याने बोल, इथे मास्तर शिक्के ठोकतायत… हो, हो, तुझी आयाच. दुसऱ्या कुणाचा आवाज असा फाटका असणार?

मराठी विसरली नाहीस गं… ठाऊक आहे, माझ्याच कडेवर शिकलीस.

अगं ऐक ना, आधी माझं ऐक. तुझ्या पप्पांच्या थडग्याला चुना लावून घेतलाय. आणि तांदूळही तयार आहे… तांदूळ, तांदूळ. तूच कळवलं होतंस ना, तिकडे तुमच्या गावचं देऊळ बंद पडतंय? पप्पा पाद्री होऊन इकडे आले, त्याआधी जिथे उपदेश करायचे, तेच… हां. दावीद पाळकांनी रविवारी मंडळीला सांगितलं, तर बायकांच्या डोळ्यांत पाणी. मग काय, घरोघरी भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला… आपल्या देवळाचं छप्पर नाही का असाच तांदूळ विकून झालं? आता पोतं शिवून ठेवलंय. तुझ्याबरोबर बोटीने जाईल.

हसतेस कशाला?… रडतेस? का गं?

हो, ऐकतेय… छप्पर धड आहे?… मग दुष्काळ पडला का?… तोही नाही? मग बंद कशाला केलं?

कुणी येतच नाही?… म्हातारेसुद्धा?… बरं, थोडे. आणि तू?

बोल ना. मी काय मारणार आहे?

…मानतच नाहीस. देवालाच?… कधीपासून?… पप्पा होते तेव्हापासून? आणि त्यांना सांगितलं नाहीस?… अरेरे. एकटीच मनात घेऊन बसलीस इतकी वर्षं.

नाही गं, रागावले नाही. वाईट वाटलं, ते वाटणारच. तुझ्या बापाने आम्हाला या वाटेला लावलं, माझ्या सासऱ्याने त्यापायी भाऊबंद तोडले, आणि तुम्ही तिकडे वाट मोडून मोकळे… बरं, बरं, नाही बोलत.

काय? येत नाहीस म्हणजे?… मुंबईहूनच परत?… लाज कसली त्यात?… हो, प्रार्थना करायला सांगतील. साहेबांची मुलगी, सगळ्यांसमोर उभी करतीलच… खोटं बोलवत नाही म्हणतेस. हे मात्र बापावर गेलीस.

मग नको करूस. मी सांगेन त्यांना… काय म्हणजे? खरं तेच. पोर आता मानत नाही, म्हणेन. दोघी-चौघी तोंड फिरवतील, पाळक घसा खाकरतील… सांगू दे ना मला. माझा भाऊ आमश्या अजून डोंगरातल्या देवाला कोंबडं देतो. नाताळला माझ्याच घरी जेवतो. त्याला काय मी पानावरून उठवते?

तांदळाचं सोड. ज्याचा त्याला परत देऊ, नाहीतर तू आल्यावर शिजवू. तुमच्या गावासाठीच काढला होता ना, मग तू खाल्लास म्हणून काय बिघडलं?

एल्सा, तुला गोवर निघाला तेव्हा मांडीवरून खाली ठेवली नव्हती मी तुला. तेव्हा विचारलं होतं का, देवाला मानतेस की नाही?… मग आता कशी विचारेन?

ऐक, सुरतेला गाडी बदल. भुसावळकडे जाणारी धर. इथला फलाट बुटका आहे, उतरताना जपून. मी स्टेशनवर येते… नाही, कुणाला आणत नाही, एकटीच येते. तुला बघायचंय गं, बाकी काही नाही.

पण काय?… एल्सा?… हॅलो? हॅलो?

मास्तर, आवाज गेला हो… लाइन तुटली?… नाही, नाही, परत नका जोडू. ती नाही म्हणायच्या आत तुटली ना? मग राहू द्या.