कुऱ्हाड घेऊन गेलेला माणूस

जंगलाकाठच्या गोरेगावच्या सामसूम बसथांब्यावर रेणूच्या डब्याचं झाकण खणकन पडलं आणि शेजारचे दोन म्हातारे जागे झाले.

"उमराव, चोरीचा ज्याच्यावर शक होता, तो जंगलात सापडला. पोलिसायनं पायात गोळी घातली."

"काऊन?"

"हातात कुऱ्हाड होती ना!"

"जंगलात जाणाऱ्याच्या हातात मंग काय, आरतीचं ताट राहीन?"

"टाक म्हटलं, टाकली नाही. अंगावर धावला. शिपायानं का त्याच्या पाया पडावं?"

"नाही ना! आता आमीच कुऱ्हाडीले पांढरा रुमाल बांधून सरपणाले जातो, हिरालाल."

"अन् शिपायाचं डोस्कं फुटलं असतं त?"

उमरावनं पडलेलं झाकण उचलून रेणूच्या हातात दिलं.

रेणूच्या मांडीवरच्या पिंकीनं आईची हनुवटी आपल्याकडे वळवली. "आई, बाबाबी सकाळी कुऱ्हाड घेऊनच गेले. ते आपले बाबा आहेत, हे पोलिसायले कसं समजन?"